विषय: सासूबाई-सासऱ्यांना घेऊन दक्षिण इटली, शाकाहारी जेवणाचं काय?

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात सासूबाई-सासरे सांगलीहून आमच्याकडे जर्मनीला येतायत. दोघंही शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. आमच्या ह्यांच्या मनात अमाल्फीचा समुद्र आहे, पण सासऱ्यांना गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत आणि सासूबाई रोज पिझ्झा खाणार नाहीत. तिकडे कुणी आईवडिलांना नेलंय का?

---

नमस्कार,

अमाल्फीचा आग्रह सोडा. तिथलं पोझितानो गाव म्हणजे नुसते जिने, आणि किनाऱ्याच्या अरुंद रस्त्यावर बसमध्ये उभं राहून प्रवास. त्यापेक्षा इटलीच्या टाचेतल्या पुलिया प्रांतात जा आणि तिथल्या बारी शहरात मुक्काम करा. आम्ही माझ्या आईबाबांना तिथेच नेलं होतं. दोघं पोटभर जेवले, म्हणून एवढं ठासून सांगतेय.

उत्तर इटलीतल्या ताज्या पास्त्यात बहुतेक वेळा अंडं असतं. दक्षिणेत मात्र डुरम गव्हाचा रवा आणि पाणी, एवढंच. बारीच्या जुन्या गावात आर्को बास्सो नावाची गल्ली आहे. तिथे बायका दारात टेबल मांडून ओरेक्किएत्ते नावाचा पास्ता वळत असतात. सुरीने ओढून अंगठ्यावर उलटवलेली ती इवलीशी वाटी बघून आई म्हणाली, "अगं, ह्या तर आपल्या नखुल्या!" लग्नाच्या रुखवतासाठी हातावर गव्हले, नखुल्या केलेल्या बाईला तिथून हलवणं कठीण.

सासूबाईंसाठी 'फावे ए चिकोरिया' मागवा. फावा हे पावट्याहून मोठं, चपटं कडधान्य. सुकवलेली, सोललेली फावा शिजवून घोटतात, शेजारी कडसर पालेभाजी आणि वरून ऑलिव्ह तेल. सोबत आल्तामुराचा जाड कवचाचा, पिवळसर पाव घ्या. गरिबांच्या घरचं हे जेवण मला तिथल्या कुठल्याही महागड्या पदार्थापेक्षा आवडलं. फक्त घरात कुणाला जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असेल तर फावा अजिबात नको, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

आता जपायच्या गोष्टी. 'चीमे दी रापा' या पालेभाजीसोबतच्या ओरेक्किएत्तेत अँचोव्ही मासा विरघळवलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आधीच "सेन्त्सा आच्चूगे" सांगा. पान्झेरोत्ती (सारण भरलेल्या तळलेल्या करंज्या) आणि तराल्लीत (कडबोळ्यांसारखा खाऊ) काही ठिकाणी डुकराची चरबी घालतात. बुर्रातासारख्या चीजसाठी पारंपरिक पद्धतीत दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. हे घरच्यांना आधी सांगून ठेवा, निर्णय त्यांचा त्यांना घेऊ दे. टोमॅटो-ऑलिव्हचा फोकाच्चा पाव आमच्या पिशवीत कायम असायचा, कारण दुपारी अडीच-तीननंतर स्वयंपाकघरं बंद होतात ती साडेसात-आठलाच उघडतात. मधुमेह असलेल्या माणसाला एवढा वेळ उपाशी ठेवता येत नाही.

मातेरा हे जुनं शहर बारीहून रेल्वेने एका दिवसात होतं. रविवारी जाणार असाल तर वेळापत्रक आधी बघा. गुहांमधली घरं, म्हणजे 'सास्सी', दरीच्या उतारावर आहेत. सासऱ्यांना व्हित्तोरियो व्हेनेतो चौकाच्या सज्जातून दाखवा, बाकीच्यांनी खाली उतरा. 1952 मध्ये कायदा करून तिथल्या कुटुंबांना हलवायला सुरुवात झाली, इतकी हालाखी होती. 1993 मध्ये तीच वस्ती युनेस्कोच्या यादीत आली. हा इतिहास नातवंडांना तिथे उभं राहून सांगा.

– श्टुटगार्टहून

---

ताईंचं सगळं पटलं, पण नापोली (नेपल्स) वगळू नका! मरिनारा पिझ्झ्यावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढंच असतं. चीजच नाही, त्यामुळे रेनेटचा प्रश्न येत नाही. पाँपेईच्या खडबडीत दगडांवर गुडघे धरतात, त्याऐवजी नापोलीच्या पुरातत्त्व संग्रहालयात जा. इसवी सन 79 मधल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात कोळसा झालेले पाव तिथे जपलेत. आमची ही त्या पावांपुढे बराच वेळ उभी होती.

– म्युनिकचे काका

---

ताई, काका, मनापासून आभार. बारी पक्कं, नापोलीचं ह्यांच्याशी बोलते. एकच विचारते, हॉटेल घ्यावं की स्वयंपाकघर असलेलं घर?

---

घरच घ्या, पण तळमजल्यावरचं. जुन्या गावातल्या पुष्कळ घरांना लिफ्ट नाही आणि जिने अरुंद, चढे आहेत. मेमध्ये बाजारात फावाच्या ओल्या शेंगा मिळतात, भाजीही ताजी असते. कुकर आणि गोडा मसाला मात्र इथूनच न्या.