रसायन अभियांत्रिकी आणि ललित कला : दोन्ही पदव्या एकाच वेळी घेता येतील का?

शाईची दौत

नमस्कार. मी यंदा विज्ञान शाखेतून बारावी झाले असून अभियांत्रिकीची सीईटी आणि कलेची एएसी सीईटी अशा दोन्ही परीक्षा दिल्या आहेत. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत मला 'अ' श्रेणी मिळाली होती. वडील इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यात, शेड मॅचिंगचे (नमुन्याशी रंग जुळवण्याचे) काम करतात. त्यामुळे रंग हा शब्द मी लहानपणापासून दोन अर्थांनी ऐकत आले आहे. माझ्या टेबलावर तो ब्रशने कागदावर लागतो. वडिलांकडे तो ग्रॅममध्ये तोलून, साठ अंशांच्या पाण्यात कापडावर चढवला जातो, आणि पाणी जड असले की कालचीच रेसिपी आज मंद उतरते व अख्खा लॉट अंगावर येतो. मला या दोन्ही गोष्टी शिकायच्या आहेत, छंद म्हणून नव्हे, तर रीतसर : एकीकडे केमिकल इंजिनिअरिंग आणि दुसरीकडे बी.एफ.ए. पेंटिंग.

दोन पूर्णवेळ पदव्या एकाच वेळी घ्यायला आता परवानगी आहे असे ऐकले. ती प्रत्यक्षात कितपत वापरता येते? कोणी असा प्रयत्न केला आहे का? आणि एकच निवडावे लागले, तर आधी काय घ्यावे? घरी आईचे मत इंजिनिअरिंगच्या बाजूने आहे. वडील काहीच बोलत नाहीत, आणि त्याचेच जास्त दडपण येते.

तिसरी शिफ्ट

नियमापुरते सांगायचे तर तुम्ही ऐकले ते खरे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन पूर्णवेळ अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून एकाच वेळी करता येतात. मात्र एकाचे तास दुसऱ्याच्या तासांवर येता कामा नयेत. एक प्रत्यक्ष आणि दुसरा दूरस्थ किंवा ऑनलाइन, असाही पर्याय आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांना त्या त्या परिषदेचे नियम वेगळे लागू होतात, हे मात्र बातम्यांत फारसे आले नाही.

खरी अडचण त्या तासांच्या अटीतच आहे. मुंबईचे उदाहरण घ्या. माटुंग्याची आयसीटी, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्था, जिला जुनी मंडळी अजून यूडीसीटीच म्हणतात, आणि सीएसएमटीजवळचे जेजे कला महाविद्यालय, यांच्यातला लोकलचा प्रवास अर्ध्या तासाच्या आतला आहे, म्हणजे अंतराची तक्रार नाही. पण दोन्हीकडचा दिवस सकाळी सुरू होऊन संध्याकाळी संपतो. अभियांत्रिकीत दुपारची प्रॅक्टिकल्स, जर्नल, सबमिशन आणि व्हायवा यांतून जो वेळ उरतो तो झोपेचा असतो. चित्रकलेचे काम रात्री वसतिगृहाच्या पिवळ्या दिव्याखाली होत नाही, निदान रंगांचे तरी होत नाही. शिवाय प्रवेशाच्या वेळी शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकाच ठिकाणी जमा होतो. दुसऱ्या संस्थेला तो का देता येत नाही, हे खिडकीवरच्या कारकुनाला समजावण्याची तयारी ठेवा.

मी हा उद्योग वीस वर्षांपूर्वी केला आहे. तेव्हा दोन पदव्यांची परवानगी नव्हती, म्हणून केमिकलची पदवी आणि संध्याकाळी एका खाजगी स्टुडिओत लाइफ ड्रॉइंग, अशी जोडणी केली होती. वर्ग सहाला सुरू व्हायचा आणि मी प्रयोगशाळेतून सुटून सातला पोहोचायचो. तोपर्यंत इतरांची रेखाटने निम्मी झालेली असत आणि मॉडेलचा खांदा थकून दोन बोटे खाली आलेला असे. मी तो खाली आलेला खांदा काढायचो, सर वरचा खांदा आठवून माझी चूक दाखवायचे, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असायचो. पाचव्या सत्रात हीट ट्रान्सफरमध्ये केटी लागली, म्हणजे विषय राहिला. त्या तीन वर्षांत सुरू केलेली सव्वीस चित्रे माझ्याकडे आहेत. पुरी झालेली दोन. माझा सल्ला असा की पदवी एकच घ्या, आणि ती अभियांत्रिकीची असू द्या.

जवस

मी एका रंगनिर्मिती कारखान्यात रेझिन विभागात काम करते. वरच्या प्रतिसादातले घड्याळाचे गणित मला मान्य आहे, पण त्यातून असे वाटू नये की हे दोन विषय एकमेकांना परके आहेत.

घरी एक प्रयोग करून पाहा. खडूची पूड घ्या. एका चिमटीत डिंकाचे पाणी मिसळा आणि दुसरीत जवसाचे तेल. दोन्ही कागदावर लावून वाळू द्या. पाण्यातली पूड वाळल्यावर पांढरी दिसेल, तेलातली जवळजवळ पारदर्शक होईल, काचेवर पिवळट तेल सांडल्यासारखी. पूड तीच असते. फरक इतकाच की खडूचा अपवर्तनांक, म्हणजे पदार्थात शिरताना प्रकाश किती वाकतो याचा आकडा, १.५ ते १.६ च्या आसपास आहे आणि तेलाचा साधारण १.४८, त्यामुळे तेलात प्रकाश फारसा विखुरत नाही. पाणी उडून गेल्यावर कणांच्या भोवती हवा राहते, तिचा अपवर्तनांक १ आहे, म्हणून तिथे प्रकाश विखुरतो आणि पांढरेपणा दिसतो. टिटॅनियम डायऑक्साइडच्या रुटाइल रूपाचा हाच आकडा २.७ आहे, म्हणून ते तेलातही झाकते. चित्रकार ज्याला 'अंगाचा रंग' आणि 'पारदर्शक रंग' म्हणतो, तो भेद असा मोजता येतो.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. जवसाचे तेल वाळते म्हणजे उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते आणि त्यात उष्णता बाहेर पडते. तेलाने भिजलेली चिंधी दोरीवर पसरली तर ती उष्णता निघून जाते. त्याच चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर आत उष्णता साठत जाते आणि काही तासांनी काडी न लावता बोळा पेटू शकतो. रिअॅक्टर मोठा करताना आम्हाला हीच भीती असते : व्यास दुप्पट केला की आकारमान आठपट होते, पृष्ठभाग मात्र चौपटच वाढतो, म्हणजे उष्णता तयार होण्याची जागा वाढते आणि बाहेर पडण्याची वाट तितकी वाढत नाही. स्टुडिओतल्या कोपऱ्यात आणि कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर एकच गणित चालते. हे मला कोणी कॉलेजात एकत्र शिकवले नाही, याची थोडी खंत आहे.

तुमच्या घरच्या पार्श्वभूमीमुळे एक सुचवते. आयसीटी १९३३ साली सुरू झाली तेव्हाचे पहिले दोन विषय रसायन अभियांत्रिकी आणि वस्त्ररसायन हेच होते, आणि रंगद्रव्ये व पृष्ठलेपन या विषयांच्या बी.टेक. शाखाही तिथे आहेत. नुसत्या 'केमिकल'च्या नावावर अडून राहू नका. केमिकलची चार वर्षे पंप, स्तंभ आणि उष्णता विनिमयकांत जातात, त्यांत रंग क्वचितच भेटतो.

खडू-फळा

मी चित्रकला शिक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. आधी 'तिसरी शिफ्ट' यांच्याशी मतभेद नोंदवतो. चित्रकलेचा हात पुढे ढकलता येत नाही. अठरा ते बावीस या वयात रोज सहा तास समोरची वस्तू पाहून काढण्याची जी सवय लागते, ती तिशीत रविवारच्या वर्गाने लागत नाही. माझे विद्यार्थी 'आधी इंजिनिअर होतो, मग चित्रे काढतो' म्हणून गेले. त्यांतले दोघे परत आले, आणि तेही चित्रांच्या चौकटी विचारायला.

मात्र हे दोन विषय एका छपराखाली नांदू शकतात, हे आपल्याकडे पूर्वी घडून गेले आहे. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात १८९० साली कलाभवन सुरू झाले. तिथे चित्रकला होती आणि कापडाच्या रंगाईचे रसायनही होते. ते उभे करणारे प्रा. त्रिभुवनदास गज्जर स्वतः रसायनज्ञ होते. दामोदर चापेकरांनी मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले होते, ते काढण्याचे काम शेवटी याच गज्जरांनी केले. (चापेकरांच्या बाजूने वाचणाऱ्याला यात आनंद नाही, पण संगमरवराच्या सच्छिद्र अंगातून डांबर काढणे हे सोपे रसायन नव्हते.) जेजेत शिकलेले दादासाहेब फाळके पुढे याच कलाभवनात गेले. आजही बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अभियांत्रिकीची विद्याशाखा कलाभवनाच्या आवारात आहे आणि १९५० साली निघालेली ललित कला विद्याशाखाही त्याच विद्यापीठाची आहे. तुमच्या जागी मी असतो तर मुंबईच्या आधी तिथली दोन्ही वेळापत्रके शेजारी ठेवून पाहिली असती. तास जुळतीलच असे नाही, पण कुलसचिव एकच असला की निम्मी पत्रे कमी लिहावी लागतात.

या दोन्ही शिक्षणांची खरी निकड जुन्या चित्रांच्या संवर्धनाच्या कामात भासते. अजिंठ्याची चित्रे वाचवण्यासाठी निजाम सरकारने १९२० च्या सुमारास चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटणारे पापुद्रे पक्के केले, पण वर लावलेले लाखेचे व्हार्निश पुढे पिवळे पडले, आणि ते उतरवण्याचे काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना दीर्घकाळ करावे लागले. असे काम करणाऱ्याला द्रावकही कळायला हवा आणि खालची रेषाही. अमेरिकेतल्या विंटरथर-डेलावेअर कलासंवर्धन अभ्यासक्रमाला प्रवेश मागताना रसायनशास्त्र, कलेतिहास आणि प्रत्यक्ष चित्रकाम हे तिन्ही मागतात. तिथे दोन पदव्यांची गरज नसते, एक पदवी आणि दुसऱ्या विषयाचा खरा अभ्यास चालतो.

तिसरी शिफ्ट

'खडू-फळा' सर, चौकटीचे वाचून हसलो, कारण त्या दोघांत मी असू शकलो असतो. एक भर घालतो. अभियांत्रिकीनंतर डिझाइनकडे वळायचे असेल तर आयआयटी मुंबई घेत असलेली सीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. उलट दिशेने, म्हणजे बी.एफ.ए. करून मग केमिकलकडे, असा रस्ता नाही. पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते. माझा सल्ला एवढ्याच हिशोबावर उभा होता. हाताबद्दल तुम्ही म्हणता ते मी खोडू शकत नाही.

शाईची दौत

सर्वांचे मनापासून आभार. 'जवस' ताई, प्रयोग केला. तेलातली पूड अजून ओली आहे, पण तिच्याखालची पेन्सिलची रेघ स्पष्ट दिसते. डिंकातल्या पुडीखालची अजिबात दिसत नाही. वडिलांनी कागद हातात घेऊन उजेडाकडे तिरका धरला, जसा ते कापडाचा नमुना धरतात, आणि बऱ्याच वेळाने विचारले की आयसीटीत रंगद्रव्यांच्या शाखेला गेल्या वर्षी कितीवर प्रवेश बंद झाला. कोणाला कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीचे आकडे माहीत असतील तर कृपया सांगावे. बडोद्याला पुढच्या आठवड्यात जाऊन येते आणि दोन्ही वेळापत्रके मिळाली तर इथे लिहिते.