घरी मार खाणारं पोर अंगणवाडीत मारतं, घरच्यांना काय सांगावं?

सेविका, यावल तालुका
४ वर्षांचा मुलगा रोज कुणाला तरी ढकलतो, चावतो. वडिलांचा हात लगेच उठतो. कापूस वेचणीच्या दिवसांत तो आजीजवळ असतो, रडला की आजी मोबाइल देते. "मारू नका" म्हटलं की वडील विचारतात, "मग काय डोक्यावर बसवू?"

तापीकाठ
ताई, मारणं-ढकलणं २ ते ४ या वयात सगळ्यात जास्त असतं. बोलता यायला लागलं की बहुतेकांचं ओसरतं. ओसरत नसेल तर घरात काय चालतं ते बघा. दुकानापुढे पोऱ्या वेफर्स मागतो. आई नाही म्हणते. तो भोकाड पसरतो, ती ओरडते, तो तिला बुक्क्या मारतो, ती पुडी हातात देते. लगेच चूप! तो शिकला की बुक्कीने पुडी मिळते, आई शिकली की पुडीने रडं थांबतं. गेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने १९८२ च्या पुस्तकात हेच चक्र मांडलंय. वर वडिलांचा फटका बसला की आणखी एक धडा: ज्याचा हात मोठा, त्याचं खरं.

बालविकास, अमळनेर
वडिलांना सांगा, नियम कडकच ठेवा, फक्त हात उचलू नका. तो मारायला धावला की मनगट धरायचं, खाली बसायचं, हळू आवाजात एवढंच: "मारायचं नाही. तोंडाने माग." मग ३-४ मिनिटं खेळातून बाजूला, पण नजरेसमोर, खोलीत कोंडणं नाही. पहिले काही दिवस हट्ट वाढतो. नेमकी तेव्हाच आजी विरघळते, आणि पोर शिकतं की ५ मिनिटांत नाही मिळालं तर २० मिनिटं रडायचं. म्हणून नियम आजीच्याच तोंडून सांगायला लावा. वेचणीवरून आल्यावर रोज १० मिनिटं त्याच्या मनाचा खेळ. भाकरी थापताना पिठाचा गोळा दिला तरी चालेल. "शहाणा आहेस" नको, "बॉल मागून घेतलास, छान" म्हणा.

तापीकाठ
या वयात झोप १० ते १३ तास, मोबाइल फार तर १ तास. बोलणं मागे असेल तर आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, सरकारी बालतपासणी) पथकाकडून कान तपासून घ्या. सांगता येत नाही म्हणूनही पोरं चावतात.

सेविका, यावल तालुका
आणि अंगणवाडीत चावला तर त्या क्षणी?

बालविकास, अमळनेर
आधी ज्याला चावलं त्याला जवळ घ्या, जागा साबणाने धुवा. चावणाऱ्याकडे नंतर वळा. सगळे आधी त्याच्याकडेच धावले, तर ताईंना बोलवायचं असलं की तो चावेल.