प्रति: ३० हजारांत पहिला स्टिरिओ

अ‍ॅम्प्लिफायरला २० आणि स्पीकरला १० हजार, हा तुमचा हिशेब उलटा करा. आवाजात खरा फरक पडतो तो स्पीकरमुळे. बुकशेल्फ (फळीवर मावणाऱ्या छोट्या स्पीकरची) जोडी घेताना नुसते वॅट बघू नका, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक पॉवरवर स्पीकर किती मोठ्याने वाजतो ते बघा: ८४ डेसिबलच्या स्पीकरला ८७वाल्याइतकं वाजायला दुप्पट पॉवर लागते. केबलवर पैसे घालवू नका, साधी तांब्याची दीड एमएमची वायर पुरते.

आणि जागा! माझे स्पीकर आधी कोपऱ्यात, भिंतीला चिकटून होते. डग्गा नुसता घुमायचा. दीड-दोन फूट पुढे ओढले, ट्विटर (स्पीकरमधले बारीक, वरच्या पट्टीचे आवाज काढणारे छोटे भाग) कानाच्या उंचीवर आणले, आणि तानपुऱ्याची जवारी अशी मोकळी ऐकू आली की त्या रात्री जेवायलाही उठवेना.

जुनी जोडी बघत असाल तर वूफरच्या (खर्जाचा आवाज काढणाऱ्या मोठ्या भागाच्या) कडेचा फोम बोटाने हलकेच दाबून बघा. वयानुसार त्याचा भुगा होतो.