शब्दचर्चा: शोकांतिका की शोकात्मिका?

तळटीप: एका नाट्यवाचनाच्या माहितीपत्रकाचं भाषांतर अडलंय. अमेरिकेत २००८ पासून सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसमोर सोफोक्लिसची ‘एजॅक्स’ आणि ‘फिलोक्टेटीस’ वाचतात, मग त्यावर चर्चा होते. पत्रकात ‘दोन ग्रीक शोकांतिका’ असं लिहिलं. तपासनिसाचा शेरा: ‘फिलोक्टेटीसच्या अंती शोक कुठाय?’

जुनाकोश: शेरा रास्त आहे. पायाला साप चावला, जखम चिघळली, तिची दुर्गंधी आणि त्याच्या किंकाळ्या सोसवेनात म्हणून सोबत्यांनीच लेम्नोस बेटावर टाकून दिलेला हा धनुर्धर. शेवटी देवपदाला पोचलेला वीर हेराक्लीस प्रकटतो, जखम बरी होईल म्हणून सांगतो आणि हा ट्रॉयला निघतो. कुणीही मरत नाही. ‘शोकात्मिका’ लिहा.

नेपथ्य: अथेन्सला शेवट हा निकषच नव्हता. दिओनिसोसच्या मोठ्या उत्सवात तीन कवी, प्रत्येकाच्या तीन त्रागोदिया (‘ट्रॅजेडी’चा मूळ ग्रीक शब्द) आणि वर एक सातिर-नाटक, म्हणजे थट्टामस्करीचं. एस्किलसची नाट्यत्रयी ‘ओरेस्तेइया’ (इ.स.पू. ४५८) तर आरोपी सुटून मिरवणुकीने संपते. ‘त्रागोदिया’चा शब्दशः अर्थ ‘बोकडगीत’. बोकड बक्षिसाचा की बळीचा, यावर पंडित अजून भांडतात.

पडघम: मग ‘बोकडिका’ छापा! बरं, समास बघा. षष्ठी तत्पुरुष धरला तर ‘शोकाचा अंत’. सैनिकांपुढे वाचतात ते त्यासाठीच ना?

जुनाकोश: ओढूनताणून. तोच न्याय ‘सुखांतिके’ला लावून बघा.

नेपथ्य: ‘शोकात्मिके’तला शोक तरी कुठला? अॅरिस्टॉटल दोन भावना सांगतो, एलेओस आणि फोबोस, म्हणजे करुणा आणि भय. शोक हा भरताच्या करुण रसाचा स्थायीभाव. तो आपण चिकटवला. ‘एजॅक्स’च बघा. वेडाच्या भरात तो लुटीची गुरं शत्रू समजून कापतो, शुद्धीवर येतो आणि लाजेनं स्वतःच्या तलवारीवर पडतो. त्यानंतर नाटक साडेपाचशेच्या आसपास ओळी चालतं, आणि भांडण कशावरून, तर प्रेत पुरू द्यायचं की नाही. अंत आणि शोक दोन्ही मधेच उरकले की!

बोलीभाषक: बातम्यांत ‘शोकांतिका अशी, की पूल झाला पण रस्ता नाही’. अर्थ उरला ‘दैवदुर्विलास’, तोही सौम्य. वाचक हाच अर्थ घेऊन येणार. सरळ ‘ट्रॅजेडी’ लिहा.

जुनाकोश: मग भाषांतर कशाला? मूळ पत्रकच वाटा.

तिऱ्हाईत: आधी नाव सुधारा. ‘फिलोक्टेटीस’मधले दोन्ही ट इंग्रजीतून आले. ग्रीक अक्षर ताउ दंत्य, आपल्या ‘त’सारखा, शेवटचा स्वर दीर्घ ए. म्हणून फिलोक्तेतेस. ‘फ’ही तेव्हा ओठ मिटून म्हणायचे, ‘फळ’मधला.

पडघम: ‘फळ’सुद्धा हल्ली दात ओठावर टेकवूनच म्हणतात.

बोलीभाषक: आणि एजॅक्सचं मूळ रूप ‘आयास’ छापलं तर लोकांना वाटेल व्यायामाचं नाटक आहे.

तिऱ्हाईत: पण कोटी त्यातच आहे! शुद्धीवर आल्यावर तो ‘आयाय’ असा टाहो फोडतो आणि म्हणतो, माझ्या नावातच हा विलाप आहे हे कुणाला ठाऊक होतं? ‘एजॅक्स’ लिहिलंत की ती ओळ निरर्थक.

तळटीप: पत्रक उद्या छापायला जातंय. शोकांतिका की शोकात्मिका, कुणी एक सांगा.

जुनाकोश: त्याआधी ‘टाहो’ची व्युत्पत्ती कुणाकडे आहे का?