अकरावीला लेक आहे, कॉलेजची तयारी कुठून धरायची? (देवगड)

कलमवाली आई
लेक यंदा अकरावी सायन्सला आहे, तालुक्यातच. दहावीला गुण चांगले पडले, कोकण बोर्डात ते बऱ्याच जणांना पडतात म्हणा. घरची आंब्याची कलमं आहेत. वडिलांबरोबर रामेश्वर-गिर्येच्या आंबा संशोधन उपकेंद्रात गेली होती. तिथल्या मॅडम मोहर झटकून तळहातावर पडलेले तुडतुडे मोजत होत्या, ते बघून आली आणि तेव्हापासून बीएस्सी हॉर्टिकल्चरचं खूळ डोक्यात आहे. खूळ म्हणायचं की काय, ते तुम्हीच सांगा.

घरात मतं भरपूर. सासूबाई म्हणतात, "अकरावी म्हणजे आरामाचा वरस गो, तिका श्वास घेवक दी." दीर डोंबिवलीला असतात, ते म्हणतात आत्ताच इकडे पाठवा, क्लास लावू.

आम्ही भंडारी, ओबीसी. जातीचा दाखला तिच्या नावाचा काढलेला आहे. पण व्हॅलिडिटी लागते असं आता ऐकते. सासऱ्यांचा शाळेचा दाखला घरात कुठेच नाही. माझ्या वडिलांचा आहे, 1958 सालचा, त्यावर जात स्वच्छ लिहिलेली आहे. तो चालेल का? आणि हे सगळं बारावी झाल्यावर केलं तर नाही का चालणार?

ऑफिसातले काका
ज्युनियर कॉलेजच्या ऑफिसात माझी नोकरी गेली, आता निवृत्त आहे. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. नाही चालणार.

मुलं गुणांवाचून अडतात त्यापेक्षा कागदावाचून जास्त अडतात, हे मी खिडकीच्या आतून बघितलं आहे. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद. पहिला प्रांत ऑफिसातून मिळतो. दुसऱ्यासाठी जिल्हा पडताळणी समितीकडे अर्ज करावा लागतो, तुमची समिती ओरोसला. अकरावी-बारावी सायन्सच्या मुलांचा अर्ज ऑनलाइन भरून कॉलेजच्या सही-शिक्क्याने जातो. वैधता वेळेत हातात नसेल तर राखीव जागेवरचा हक्क जातो आणि मूल ओपनमध्ये धरलं जातं. अर्ज केल्याच्या पावतीवर मुदतवाढ मिळते कधी कधी, पण तो आदेश निघेल या भरवशावर कोणी बसू नये.

आता तुमच्या वडिलांचा दाखला. ताई, तो उपयोगाचा नाही. जात वडिलांकडून धरतात, त्यामुळे पुरावा तुमच्या सासरचाच हवा आणि ओबीसींना तो 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. सासरे ज्या शाळेत पहिलीला बसले तिथल्या जनरल रजिस्टरात नोंद असणार. मुख्याध्यापकांना अर्ज द्या, उतारा मिळतो. शाळेत नसेल तर तहसील कार्यालयातल्या जुन्या अभिलेखात कोतवाल बुक बघायचं, म्हणजे गाव नमुना 14, जन्ममृत्यूच्या नोंदी. त्यात सासऱ्यांचा जन्म किंवा पणजोबांचा मृत्यू सापडू शकतो, नावापुढे जात लिहिलेली असते. फार जुनं पान मोडीत असलं तर मोडी जाणणाऱ्या अधिकृत माणसाकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. शिवाय आपल्याकडे आडनावांचे घोळ! बापाच्या दाखल्यावर गावावरून पडलेलं आडनाव, मुलाच्या दाखल्यावर दुसरंच. मग वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि दोन्ही नावं एकाच इसमाची असल्याचं प्रतिज्ञापत्र. याला महिने जातात. म्हणून अकरावीच.

नॉन क्रीमीलेअरची, म्हणजे ओबीसी कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याच्या दाखल्याची, मात्र आत्ता घाई नको, त्याला मुदत असते. बारावीची परीक्षा संपली की एप्रिलात अर्ज टाका. जूनमध्ये सेतूत पाय ठेवायला जागा नसते. तिच्या आधारवरचं नाव दहावीच्या मार्कशीटप्रमाणे आहे ना, तेवढं आज रात्रीच बघा.

मुळदेकर
काकी, मी मुळद्याला उद्यानविद्येलाच आहे, तिसऱ्या वर्षाला. खूळ वगैरे काही नाही. कुडाळ तालुक्यातलं हे सरकारी कॉलेज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं, चार वर्षांची पदवी. देवगडहून लांबही नाही. तिला मासळीची आवड असती तर रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, तेही याच विद्यापीठाचं.

आजींना सांगा, आरामाचं वर्ष नाही. एमएचटी-सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, साधारण वीस टक्के प्रश्न अकरावीचे येतात. पीसीबी ग्रुपला फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न, बायोलॉजीचे 100, निगेटिव्ह मार्किंग नाही. अकरावीचं बायोलॉजी माझं कच्चं नव्हतं म्हणून निभावलं. कृषीच्या यादीत बारावीचे गुणही धरतात, त्यामुळे नुसत्या सीईटीच्या मागे लागून बोर्डाकडे पाठ नको. आणि सीईटी एप्रिल-मेमध्ये, म्हणजे ऐन आंब्यात! आमच्या पडवीत पेट्या ठोकायचा आवाज आणि आत मी रेस्पिरेशनचा धडा. तिला त्या दिवसांत पेट्या भरायला बसवू नका एवढंच.

सातबारा वडिलांच्या नावावर आहे का, तेही बघून ठेवा. कृषीला शेतकरी कुटुंबातल्या मुलांना गुणांची भर मिळत आली आहे. त्या वर्षीच्या माहितीपत्रकात नीट वाचा.

डोंबिवली फास्ट नाही स्लो
तुमचा दीर मी नव्हे, पण त्याच्या बाजूने बोलतो. माझी पुतणी आली होती अशीच. लोकलचा प्रवास, क्लासची फी, दोन खोल्यांत सहा माणसं. पोरगी हुशार, पण अभ्यासाला शांत कोपरा मिळेना. बारावीला परत गावी गेली आणि तिथूनच चांगले गुण काढले. तेव्हा बाजूने म्हटलं खरं, पण मत विरुद्धच पडलं.

एक मात्र विचारा. सासरे लहानपणी मुंबईत होते का? आपल्याकडचे बरेच म्हातारे परळ-लालबागला चुलत्याकडे राहून पालिकेच्या शाळेत शिकले. मग देवगडच्या शाळेत कितीही रजिस्टरं उलटा, काही मिळायचं नाही.

कलमवाली आई
अगदी तेच निघालं! सासूबाईंना विचारलं, तर सासरे चौथीपर्यंत लालबागला होते म्हणे, गिरणीतल्या काकांकडे. इतकी वर्षं मला हे ठाऊक नव्हतं. दिरांनाच कामाला लावलं आहे, क्लास शोधण्याऐवजी शाळा शोधा म्हटलं.

काका, अजून एक. मुलींना फी माफ झाली म्हणतात, ते खरं का? की खाजगी कॉलेजात गेलं की भरावीच लागते?

ऑफिसातले काका
खरं आहे. 8 जुलै 2024 चा शासन निर्णय आहे. ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ, कृषीही त्यात आलं. मान्यताप्राप्त खाजगी कॉलेजलाही लागू, पण प्रवेश कॅप, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून घेतलात तर एक रुपयाही सुटणार नाही. हॉस्टेल आणि मेस यात नाही, ते पैसे बाजूला ठेवा. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, दर वर्षी नव्याने.

आणि लालबागच्या शाळेचं नाव बदललेलं किंवा ती दुसऱ्या शाळेत विलीन झालेली असू शकते. दिरांना म्हणावं, थेट शाळेच्या दारात जाण्याआधी पालिकेच्या वॉर्डातल्या शिक्षण खात्यात विचारा, जुनी रजिस्टरं कुठे गेली ते तिथे कळतं.