डेबियन १२ मध्ये पायथन २ नाही, जुनी स्क्रिप्ट कशी चालवू?

नमस्कार मंडळी, अप्पा बळवंत चौकाजवळ आमचं डीटीपीचं दुकान आहे. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये नेणारी आमची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) पायथन २ ची, म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीतली. मशीन डेबियन १२ वर (लिनक्सचा एक प्रकार) नेलं आणि ती बंद. डेबियनवाल्यांनी पायथन २ चं पॅकेजच काढून टाकलंय. भागीदार भडकलाय, "चालतं ते काढायचं कशाला?" मला मात्र काढणाऱ्यांचं पटतं. पायथन २ चा मूळ सपोर्ट १ जानेवारी २०२० लाच संपला, पुढची सुरक्षेची भोकं फुकटात कोण बुजवत बसणार? असो.

स्क्रिप्ट पायथन ३ मध्ये आणून पाहिली, पण बाइट्स-स्ट्रिंगच्या (कच्चा डेटा की मजकूर, या) घोळात पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. 'किती'चं पार वाटोळं! तोवर पायथन २ असलेल्या डेबियन ११ चा कंटेनर (मशीनमध्येच वेगळा बंदिस्त कप्पा) करून, नेट बंद ठेवून चालवावी का? कुणी केलंय? दिवाळी अंकांची कामं तोंडावर आहेत, जरा लवकर सांगा.