"खेळून झाल्यावर परत करणे" : टीव्हीगेमच्या कॅसेटच्या आठवणी लिहा

नारायणपेठी
काल पुण्यातल्या जुन्या बाजारात गेलो होतो, पंख्याचं रेग्युलेटर शोधायला. रविवार म्हणजे तुडुंब गर्दी. एका ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, घड्याळाचे पट्टे, मिक्सरची भांडी, आणि त्यात एक पिवळी कॅसेट. टीव्हीगेमची. स्टिकर अर्धं सोललेलं, काँट्रा गेममधल्या दोघांपैकी एकाचंच डोकं शिल्लक. उलटी केली तर मागे निळ्या बॉलपेनने गिरवून गिरवून लिहिलेलं, "खेळून झाल्यावर परत करणे. क. रा."

मी तिथेच उकिडवा बसलो. आमच्या वाड्यातसुद्धा प्रत्येक कॅसेटवर असंच लिहिलेलं असायचं. गेमची पेटी एकाच घरात, माडीवरच्या ताईकडे. पण कॅसेट ज्याची त्याची. ती घेऊन आलं की आत प्रवेश, आणि आपल्या कॅसेटवर पहिला डाव आपला. माझी सर्कसची होती. समोरच्या खोलीतल्या मित्राची टँकची. १९९८ साली वाडा पाडला, सगळे पांगले, आणि त्या सामान हलवायच्या धांदलीत त्याची टँक माझ्याकडे राहिली. अजून आहे. त्याचं नाव आहे तिच्यावर.

क. रा.ची ४० रुपयांना घेतली. तिच्या आठवणीने रात्रभर झोप नाही. तुम्ही काय खेळायचात, कुणाबरोबर, आणि ते सगळं आता कुठे आहे, लिहा.

कर्वेनगरची
काँट्राची धबधब्याची स्टेज!!! दादा उड्या मारत वर जायचा, स्क्रीन वर सरकली की मी खालून गायब. लाइफ माझी जायची. आईकडे तक्रार केली की आई म्हणायची, "मग तू खाली का राहतेस?" ३० लाइफचा कोड मी गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर बाण काढून लिहिला होता. वर वर खाली खाली डावा उजवा डावा उजवा बी ए, आणि दोघं असलो तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट. बाईंनी विचारलं हे काय, तर म्हटलं दिशा. तव्यावर पोळी आहे, नंतर येते.

मु_पो_चिंचवड
रेग्युलेटर मिळालं का?

सोल्डरवाला
क. रा.ची कॅसेट लावायच्या आधी फुंकू नका, कळकळीची विनंती. आपण सगळ्यांनी फुंकलंय. पण फुंकरीतला ओलावा पिनांवर बसतो आणि त्या गंजतात. त्यात आपला पावसाळा, हिरवट थर आधीच धरलेला असतो. फुंकून गेम चालायचा तो बहुतेक कॅसेट काढून परत घातल्यामुळे, पिना नीट टेकायच्या म्हणून. कापसाची काडी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, हलक्या हाताने दोन्ही बाजू. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चौकशी करा, मिळेल. पिवळीला ६० पिना असतात, एकेक करून पुसा, घाई नको. उघडलीत तर चिप दिसेलच असं नाही, बऱ्याच कॅसेटमध्ये डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका असतो. तो गेला तर काही करता येत नाही. बाकी सगळं दुरुस्त होतं.

मु_पो_चिंचवड
आम्ही फुंकायचो नाही. बनियनला पुसायचो.

सोल्डरवाला
@मु_पो_चिंचवड बनियन बरा!

दुधाचा_चहा
आणि दर गुरुवारी पुण्यात जाणारी लाइट? मारिओला सेव्ह नाही, हे आठवा. बुधवारी रात्री मी ८-३ च्या स्टेजला पोचलो. बाबा म्हणाले झोप. मी पॉज लावला, टीव्ही बंद केला, गेम तसाच चालू ठेवला, वर ओढणी टाकली लाल दिवा दिसू नये म्हणून. ॲडाप्टर इतका तापायचा की ओढणीला रबराचा वास लागला. सकाळी उठून बघतो तर लाइट गेलेली. गुरुवार! संध्याकाळी आली तेव्हा टीव्हीवर नुसत्या मुंग्या. मी जेवलो नाही त्या दिवशी. आजीने दूधभात आणून समोर ठेवला, एक शब्द बोलली नाही. नंतर मे महिन्यात पूर्ण केला मारिओ, आजी शेजारी बसली होती. राजकन्या आल्यावर म्हणाली, "आली का एकदाची."

कर्वेनगरची
आजी 🙏 माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

रातराणी७
पुण्यात राहून बुधवारी रात्री पॉज? अरेरे.

पर्वतीपायथा
मारिओवरून आठवलं, तो अख्खा गेम ४० केबीचा आहे. गुड मॉर्निंगचा एक फोटो त्याहून मोठा असतो. जागा पुरावी म्हणून ढग आणि झुडूप एकच चित्र, फक्त रंग वेगळा. पुढच्या वेळी नीट बघा. मी मुलीला दाखवलं, तिने खेळणंच थांबवलं आणि ढग मोजत बसली.

आमच्याकडे बंदूक होती, डक हंटची. एका चुलतभावाने पैज लावली की बंदूक बल्बकडे धरली तरी बदक मरणार. दिवसभर ६० चा बल्ब लावून प्रयत्न. नाहीच. पुढे इंजिनिअरिंगला कळलं का ते. घोडा दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीला आधी अंधार आणि मग उजेड दिसला तरच नेम लागला. बल्ब कायम उजेडच, म्हणून फसायचा. आत्ताच्या सपाट टीव्हीवर ती बंदूक चालत नाही, तिचा सगळा हिशोब जुन्या डब्बा टीव्हीच्या वेळेवर बांधलेला. कुणाकडे डब्बा टीव्ही असेल तर भंगारात देऊ नका, मला सांगा. मी येऊन उचलून नेईन, तिसऱ्या मजल्यावरूनसुद्धा.

रातराणी७
@पर्वतीपायथा आईकडे आहे, २१ इंची. पण त्यावर गणपतीची आरास ठेवतात, आई देणार नाही.

पर्वतीपायथा
@रातराणी७ आरास ठेवायला टेबल देतो.

हडपसरी
मी २००७ ला कामासाठी जपानला होतो. टोकियोच्या अकिहाबारा बाजारात खरा फॅमिकॉम घेतला, लाल-पांढरा, १९८३ चं डिझाइन. लहानपणी आपण जे खेळलो त्याचं मूळ. दोन्ही रिमोट पेटीलाच जोडलेले, निघत नाहीत. दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट-सिलेक्ट नाहीत, त्याऐवजी माइक! घरी आल्या आल्या सगळ्यांना बोलावलं, ॲडाप्टर लावला, आणि धूर. तिथली वीज १०० व्होल्टची, आपली २३०. खाली बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं. त्यानंतर मी तो खोक्यातून काढलाच नाही. इतकी वर्षं मनाला लागून राहिलंय.

सोल्डरवाला
@हडपसरी थांबा, टाकू नका!! बहुतेक वेळा अशात फक्त ॲडाप्टर जळतो, पेटी वाचते. तिला १० व्होल्ट डीसी लागतं आणि मधली पिन निगेटिव्ह. आपल्याकडचे बरेच ॲडाप्टर उलटे, मधली पॉझिटिव्ह, म्हणून आता स्वतःहून काही लावू नका. चालू झाली तरी आपल्या जुन्या टीव्हीवर चित्र काळं-पांढरं येऊ शकतं, तिकडची पद्धत वेगळी. त्यालाही इलाज आहे. कधी येता?

हडपसरी
खरंच? शनिवारी चालेल?

सोल्डरवाला
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

अबोली
सगळं वाचतेय कालपासून. लिहू का नको करत होते. मी तुमच्यापेक्षा लहान, आमच्याकडे हातात धरून खेळायचा गेमबॉय होता, काकांनी दुबईहून आणलेला. माझा आणि भावाचा मिळून एक. पोकेमॉन रेड. सेव्ह एकच राहतो, म्हणून तो त्याचा, मी फक्त बघायची. भाऊ २०१९ ला गेला. परवा गेमबॉय लावून बघितला तर सेव्ह अजून आहे. त्याचं नाव, १२० तास, आणि त्याने एका पोकेमॉनला माझं नाव दिलंय. मला माहीतच नव्हतं. ऐकलंय की कॅसेटमध्ये सेल असतो आणि तो संपला की सगळं जातं. बदलला तरी जातं. मग काय करायचं?

सोल्डरवाला
@अबोली आधी हे ऐका. त्याच सेव्हवर खेळा, पण "न्यू गेम" करून सेव्ह करू नका, जुनं पुसलं जाईल. सेल काढला की सेव्ह जातो हे बरोबर. पण कॅसेट वाचायचं एक छोटं यंत्र येतं, यूएसबीने कॉम्प्युटरला लागतं. त्याने आधी सेव्ह उतरवून घ्यायचा, दोन-तीन ठिकाणी ठेवायचा, मग नवा सेल सोल्डर करायचा, मग तोच सेव्ह परत कॅसेटमध्ये भरायचा. नाव, तास, सगळं जसंच्या तसं. माझ्याकडे यंत्र आहे. पैशाचं नाव काढू नका. फक्त उशीर करू नका, तो सेल वीस वर्षांहून जुना आहे.

अबोली
उद्या येऊ?

सोल्डरवाला
आज संध्याकाळी पण आहे मी.

दुधाचा_चहा
@अबोली कुठला पोकेमॉन? ज्याला तुझं नाव दिलंय?

अबोली
जिगलीपफ 🙂 लेव्हल ६१. किती खेळवलंय त्याने तिला.

कर्वेनगरची
पोळ्या झाल्या. हे वाचून दादाला फोन केला. काही विशेष बोललो नाही.

मु_पो_चिंचवड
@नारायणपेठी टँकवाल्या मित्राला फोन केलात का? आम्ही टँकमध्ये कन्स्ट्रक्शनला, म्हणजे स्वतः नकाशा बनवायच्या भागात जाऊन, जो वाचवायचा त्या गरुडाभोवती लोखंडी विटा लावायचो. आणि चुकून आपल्याच भिडूला गोळी लागली की तो जागेवर गोठायचा, मग मारामारी.

नारायणपेठी
गरुडाभोवती लोखंड आम्हीपण!

ताईचा नंबर होता, तिच्याकडून त्याचा मिळाला. धायरीला राहतो. म्हणजे इतकी वर्षं अर्ध्या तासावर. नाव सांगितलं तर पहिलं वाक्य, "टँक तुझ्याकडेच आहे ना?" रविवारी येतोय. म्हणाला, ताईच्या गेमचा दुसरा रिमोट माझ्याकडे राहिलाय, तो घेऊन येतो. ताईला पण बोलावलंय. पेटी तिच्याकडे आहे, माळ्यावर.

@सोल्डरवाला अल्कोहोल ९९ टक्केवालंच ना? आणि @मु_पो_चिंचवड, रेग्युलेटर नाही मिळालं. बुधवारी परत जातोय.